तिसरं पाणी

"आता प्रत्येकानं सांगायचं, आपण प्राणी असतो तर कोणता प्राणी झालो असतो? आणि का?"

गोल मांडलेल्या बावीस खुर्च्यांच्या मधोमध उभं राहून प्रशिक्षिकेनं हे विचारलं, तेव्हा सकाळचे सव्वादहा झाले होते. तुरटीबाईंच्या मनात आलं, आता तिकडे वॉर्डातल्या चादरींचा पहिला घाणा निघाला असेल.

एका संस्थेचे संचालक गरुड झाले. त्यांना म्हणे उंचावरून सगळं दिसायचं. एक अधिकारी घोडा झाले. एक बाई मुंगी झाल्या आणि एकजुटीवर इतकं बोलल्या, की बिचाऱ्या खऱ्या मुंगीला दम लागला असता. फिरत फिरत पाळी तुरटीबाईंवर आली.

"गाढव," त्या म्हणाल्या.

सगळे हसले. तुरटीबाई हसल्या नाहीत.

"का बरं, ताई?" प्रशिक्षिकेनं विचारलं. पंचवीस-सव्वीसची मुलगी, आवाज मऊ, डोळे थकलेले.

"धुलाईवालीला दुसरं कोण होता येणार मॅडम? ओझं वाहायचं. ओरडलं तरी कोणी मनावर घेत नाही. पण लाथ जबर असते हो."

पुन्हा हसू झालं, पण या वेळी जरा जपून.

तुरटीबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हतं. रुग्णालयाच्या धुलाई विभागात सत्तावीस वर्षं काढलेल्या या बाईंना ते दोन कारणांनी चिकटलं होतं. पहिलं कारण त्यांची जीभ. ती लागली, की समोरच्याचं तोंड आक्रसून जायचं. दुसरं कारण पाण्याचं. अकरा वर्षांपूर्वी एका कडक उन्हाळ्यात रुग्णालयाचं पाणी निम्म्यावर आलं. चादरींचे ढीग छताला टेकायला लागले. तेव्हा बाईंच्या लक्षात आलं, की यंत्राच्या पहिल्या पाण्यात साबण आणि घाण जाते, दुसऱ्यात उरलासुरला साबण, पण तिसऱ्यांदा कपडे खळबळून जे पाणी गटारात जातं ते जवळजवळ स्वच्छच असतं. भंगारात काढलेल्या दोन टाक्या त्यांनी ओढून आणवल्या, विटांवर चढवल्या, यंत्राच्या नळीला मधेच एक चावी बसवून घेतली. तिसरं पाणी आलं, की चावी फिरवायची, पाणी टाकीत. त्यात तुरटीचा खडा फिरवायचा, गाळ खाली बसू द्यायचा, आणि वरच्या निवळ पाण्यात पुढचा घाणा भिजत घालायचा. एक टाकी निवळतेय तोवर दुसरी वापरायची. शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या कापडांना ते पाणी लावायचं नाही, हा बाईंचा कडक नियम.

तेव्हाच्या अधीक्षकांनी येऊन बघितलं आणि डोळे वटारले. "हा काय भंगारबाजार मांडलाय? काढा आत्ताच्या आत्ता!"

"काढते की," बाई म्हणाल्या. "फक्त चादरी कोरड्याच धुवायच्या, एवढं लिहून द्या साहेब."

साहेबांनी लिहून दिलं नाही. टाक्या राहिल्या. पुढे पाणी पूर्ववत झालं, साहेब बदलून गेले, दुसरे आले, तेही गेले, पण टाक्या तिथेच होत्या. त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं.

मग यंदा अचानक बघितलं. कुठल्याशा मोठ्या निधीसंस्थेनं 'सामाजिक बदल आणि शाश्वत विकासासाठी नेतृत्व' असं सहा दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं होतं. प्रत्येक संस्थेनं एक व्यक्ती पाठवायची, शक्यतो तळातली, सहाव्या दिवशी तिनं आपल्या संस्थेतला एक उपक्रम पाहुण्यांसमोर मांडायचा, आणि त्यातून एका संस्थेला मानाचा किताब मिळणार. अधीक्षक साहेबांनी बाईंना बोलावून सांगितलं, "सहा दिवस पंख्याखाली बसायचं, चहा प्यायचा, मान डोलवायची. बाकीचं मी बघतो."

बाईंना मान डोलवायची सवय नव्हती. पण सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच कोणी बस म्हणालं होतं, म्हणून त्या बसल्या.

दुसऱ्या दिवशी मोठ्या कागदावर समस्येचं झाड काढायचं होतं. मुळं म्हणजे कारणं, फांद्या म्हणजे परिणाम. बाईंनी झाड काढलंच नाही. धुलाईची खोली काढली, यंत्र काढलं, दोन टाक्या काढल्या. गरुड झालेले संचालक वाकून म्हणाले, "यात समस्या कुठेय?" बाई म्हणाल्या, "ती सुटलीय म्हणूनच दिसत नाहीये."

घरी येऊन त्यांनी हे सुनेला सांगितलं, तेव्हा सून पोकळ कौतुक न करता म्हणाली, "आई, तिथे भांडायला जाता की शिकायला?"

"शिकवण्यासारखं असेल तर शिकेन की."

"तुम्हाला शिकवणाऱ्याला आधी तुमच्यापुढे टिकावं लागेल," सून म्हणाली. पलीकडे खाटेवर पडलेले तिचे सासरे, म्हणजे बाईंचे यजमान, खोकता खोकता हसले. आयुष्यभर त्याच रुग्णालयाच्या बॉयलरपुढे उभं राहून त्यांनी छाती खराब करून घेतली होती. बोलायला श्वास पुरत नसे, पण हसायला मात्र ते तो बाजूला काढून ठेवत.

तिसऱ्या दिवशी ऐकण्याचा खेळ होता. जोड्या करायच्या. एकानं तीन मिनिटं बोलायचं, दुसऱ्यानं फक्त ऐकायचं. मधे बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, 'हो ना, माझंही अस्संच' म्हणायचं नाही. त्या दिवशी एक जण आला नव्हता, म्हणून तुरटीबाईंच्या वाट्याला खुद्द प्रशिक्षिका आली.

बाईंनी आधी बोलायचं होतं. त्या टाक्यांबद्दल बोलायला लागल्या. एक मिनिट झालं, दोन झाली, समोरची मुलगी नुसती बघत होती, हलत नव्हती, घड्याळाकडे डोळा टाकत नव्हती. बाई एकाएकी अडखळल्या. एवढा वेळ सलग आपलं कोणी ऐकून घेतलंय, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना कसंतरीच झालं.

मग प्रशिक्षिका बोलायला लागली. "मी आतापर्यंत सात वस्त्यांमध्ये काम केलं. कुठे कचऱ्याचं, कुठे पाण्याचं. मी असेपर्यंत सगळं छान चालायचं..."

"माणसं आळशी असतात," बाई म्हणाल्या.

"ताई, मधे नाही बोलायचं. तर, मी निघाले की सहा महिन्यांत..."

"जरब नसेल ठेवली."

"...बंद पडायचं. सातही ठिकाणी. मला वाटायला लागलं की..."

"अहो, तुम्ही एकेकाला कामाला..."

प्रशिक्षिकेनं वही मिटली. मऊ आवाजातच म्हणाली, "ताई, तुम्ही ऐकत नाही. तुम्ही उत्तर हातात घेऊन बसता."

आजूबाजूच्या दोन-तीन जोड्यांनी वळून बघितलं. बाईंचे कान तापले. जीभ वळवळली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुम्ही उद्या कामावर आला नाहीत, तर ती चावी कोण फिरवेल?"

"मी येते की. सत्तावीस वर्षं येतेय. ताप असला तरी येते."

"आज कुठे आहात?"

दुपारच्या चहाला त्यांचा फोन वाजला. पलीकडे पैलवान होता. पैलवान म्हणजे धुलाईतला त्यांचा उजवा हात, काडीसारखा बारीक माणूस. पहिल्याच दिवशी ओल्या चादरींच्या गाड्याखाली तो दिसेनासा झाला होता, तेव्हापासून त्याला हे नाव पडलं.

"बाई, ओरडू नका आधी," पैलवान म्हणाला.

"काय केलंस?"

"चावी चुकली. पहिलंच पाणी टाकीत गेलं. आम्हाला कळलंच नाही. त्याच पाण्यात पुढचा घाणा भिजवला. दोन वॉर्डांच्या चादरी गेल्या. तपकिरी डाग बसलेत, निघत नाहीत."

प्रशिक्षण सुटल्यावर बाई घरी न जाता तडक धुलाईत गेल्या. वाटेत मनात शब्दांचा दारूगोळा भरून ठेवला होता. आत गेल्या, तर आठही जण यंत्रापुढे मान खाली घालून उभे. मधे त्या चादरींचा ढीग. रोजच्यासारखं असतं तर बाईंनी एकेकाची बिनपाण्याची केली असती. पण कानात ते 'आज कुठे आहात' अजून वाजत होतं. त्या उलट्या बादलीवर बसल्या.

"पैलवान, सांग. काय झालं ते सांग. मी मधे बोलणार नाही."

पैलवाननं आधी मागे वळून बघितलं, बाई दुसऱ्या कोणाशी बोलताहेत का म्हणून. मग तो चाचरत सांगायला लागला. चावी कधी फिरवायची हे नक्की कोणालाच माहीत नव्हतं. बाई ड्रमचा आवाज ऐकून फिरवायच्या, एवढंच सगळ्यांनी पाहिलं होतं. कुठला आवाज, ते कोणाला ठाऊक नाही. म्हणून अंदाजानं फिरवली.

"विचारायचं ना मला," बाईंच्या तोंडून निसटलंच.

"विचारलं होतं," पैलवान म्हणाला. तो थांबला नाही. "पहिल्या वर्षी विचारलं. तुम्ही म्हणालात, तुझं काम तू कर. अकरा वर्षांत तुम्ही मला त्या चावीला हात लावू दिला नाहीत बाई. चादरी आमच्यामुळे गेल्या. पण निम्म्या तुमच्यामुळे पण गेल्या."

आता तुरटी लागणार, असं प्रत्येकाला वाटत होतं.

"खरंय," बाई म्हणाल्या.

हा शब्द त्या सत्तावीस वर्षांत त्या खोलीत पहिल्यांदाच बोलल्या असतील. त्या उठल्या, यंत्र चालू करायला सांगितलं, आणि पैलवानचा हात धरून चावीवर ठेवला. "पहिलं पाणी जातं तेव्हा घशात अडकल्यासारखा आवाज येतो, साबणाच्या फेसाचा. ऐक. दुसऱ्याला जरा मोकळा. आणि तिसऱ्याला पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा, साफ. ऐकलंस?"

"नाही," पैलवान म्हणाला.

"परत ऐक."

पाच घाणे झाले. सहाव्याला पैलवाननं आपणहून चावी फिरवली, आणि ती बरोबर होती. मग दुसरीनं करून पाहिलं, मग तिसऱ्यानं. एक जण कानानं कमी होता. त्यानं नळीवर तळहात ठेवला आणि म्हणाला, "बाई, आवाजापेक्षा हे सोपं आहे. साबणाचं पाणी गरम लागतं, तिसरं गार." बाईंनी हात लावून बघितला. अकरा वर्षं ही गोष्ट त्यांच्या स्वतःच्या ध्यानात आली नव्हती.

निघता निघता पैलवाननं दुसरी बातमी सांगितली. दुपारी दोन माणसं फीत घेऊन आली होती. खोलीची लांबी-रुंदी मोजून गेली. एकाला विचारलं, तर तो म्हणाला, पुढच्या महिन्यापासून इथे औषधांचं कोठार होणार, कपडे बाहेरच्या ठेकेदाराकडे जाणार, गाडीनं, शहराबाहेर.

"आणि आपण?"

"ते त्याला माहीत नव्हतं. त्याला फक्त खोली मोजायची होती."

पाचव्या दिवशी अधीक्षक साहेब स्वतः प्रशिक्षणाच्या ठिकाणी आले. बाईंना बाजूच्या खोलीत बोलावलं. संगणकावर चित्रं दाखवली. टाक्यांना हिरवा रंग दिलेला, बाजूला साहेब उभे. बाईंचा फोटो होता, पण पाठमोरा. मग त्यांनी एक छापील कागद पुढे केला.

"हे उद्या वाचायचं. सोपं लिहिलंय. घरी दोनदा मोठ्यानं वाचा."

बाईंनी तिथेच वाचलं. 'माननीय अधीक्षकांच्या दूरदृष्टीतून साकारलेल्या या प्रकल्पामुळे...' त्या पुढे गेल्या नाहीत.

"साहेब, धुलाई बंद होणार आहे ना?"

साहेबांनी संगणकावरचं चित्र बंद केलं. "तो धोरणाचा भाग आहे. त्याचा आणि याचा संबंध नाही."

"ज्या टाक्यांसाठी किताब घ्यायचा, त्या पुढच्या महिन्यात भंगारात जाणार. संबंध कसा नाही?"

"हे बघा बाई," साहेबांनी खुर्ची जवळ ओढली. आवाज समजुतीचा केला. "तुम्हाला निवृत्तीला उरलीत किती, अडीच वर्षं? उगीच डोक्याला ताप करून घेऊ नका. तुम्हाला मी वर कार्यालयात घेतो. खुर्ची, टेबल, कोरडी जागा. बाकीच्यांचंही काहीतरी होईल."

"काहीतरी म्हणजे काय?"

"काहीतरी म्हणजे काहीतरी!" साहेब उठले. "उद्या दहाला. वेळेवर या."

संध्याकाळी बाईंनी तो कागद सुनेपुढे टाकला. सुनेनं वाचला आणि म्हणाली, "फाडून त्यांच्या तोंडावर फेका. नाहीतर मी येते फेकायला."

"फेकेन गं. त्यात काय अवघड आहे? फेकून मी मोठी होईन, आणि त्या आठ जणांचं काय?" त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, तुम्ही सांगा. कार्यालयात बसू का?"

नवऱ्यानं श्वास गोळा केला. "मला काय विचारतेस," ते तुटक तुटक म्हणाले, "त्यांना विचार. ज्यांची... नोकरी आहे."

इतकी साधी गोष्ट बाईंना खरोखरच सुचली नव्हती.

सहाव्या दिवशी पहाटे सहाच्या पाळीला त्या धुलाईत हजर झाल्या. यंत्रं सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना बसवलं, साहेबांचा कागद वाचून दाखवला, कार्यालयाच्या खुर्चीचंही सांगितलं. काही लपवलं नाही. मग म्हणाल्या, "आता मी बोलणार नाही. काय करायचं ते तुम्ही सांगा."

कोणी बोलेना. एक मिनिट गेलं. आपणच सांगून टाकावं, असं बाईंना दहादा वाटलं. दाताखाली जीभ धरून त्या बसून राहिल्या. असं गप्प बसणं त्यांना चादरींचा गाडा एकटीनं ओढण्यापेक्षा जड गेलं.

शेवटी कानानं कमी असलेला तो म्हातारा म्हणाला, "सगळ्यांनी जाऊ या."

"साहेब गेटबाहेर काढतील," कोणीतरी म्हणालं.

"काढतीलच तसेही. पुढच्या महिन्यात," पैलवान म्हणाला. "तेव्हा मागच्या दारानं काढतील. आज पुढच्या दारानं जाऊ."

"आणि घाणा कोण बघेल? वॉर्डाला चादरी लागतात," एका बाईनं विचारलं.

त्यावर वाद झाला, चांगला अर्धा तास. अखेर ठरलं, की दोघांनी थांबून काम चालू ठेवायचं, सहा जणांनी जायचं. रुग्णाला चादर मिळाली नाही, असं म्हणायला कोणाला जागा ठेवायची नाही. हे बाईंना सुचलं नसतं. त्यांनी सगळे नेले असते आणि तिथेच फसल्या असत्या.

दहा वाजता सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत निधीसंस्थेचे पाहुणे, त्यांच्या शेजारी अधीक्षक साहेब, नवा कोट घालून. रुग्णालयाचं नाव पुकारलं गेलं. तुरटीबाई मंचावर गेल्या, आणि त्यांच्या मागोमाग रबरी बूट घातलेली सहा माणसं. बूट ओले होते. मंचावरच्या गालिच्यावर पावलांचे काळपट ठसे उमटत गेले.

मागच्या पडद्यावर हिरव्या टाक्या झळकल्या. बाईंनी कागद घडी करून कमरेला खोचला.

"टाक्या हिरव्या नाहीत," त्या म्हणाल्या. "गंजक्या आहेत. रंग चित्रात दिलाय. आता काम कसं चालतं, ते ही माणसं सांगतील. एकेक जण आपापलं."

पैलवाननं गाड्याचं सांगितलं. दुसरीनं डागांचं सांगितलं, कुठला डाग थंड पाण्यात जातो आणि कुठला गरम पाण्यात कायमचा बसतो. म्हाताऱ्यानं तळहात वर करून दाखवला आणि नळीचं सांगितलं. "तीन दिवसांपूर्वी आमच्याकडून चूक झाली," पैलवान मधेच म्हणाला, "दोन वॉर्डांच्या चादरी खराब केल्या आम्ही. ते पण लिहून घ्या." पाहुण्यांपैकी एक बाई खरंच लिहून घेत होत्या.

साहेब अर्धवट उठले. "मला वाटतं वेळ झालीय. हे ठरलेलं सादरीकरण नाही..."

"साहेब, बसा," तुरटीबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "इथे नियम आहे. समोरचा बोलत असला, की मधे बोलायचं नाही. मलाही जड गेला, तुम्हालाही जाईल."

सभागृहात कोणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी प्रशिक्षिकेकडे बघितलं, रागानं, हुकूम दिल्यासारखं. तिनं घड्याळाकडे बघितलं.

"अजून चार मिनिटं आहेत त्यांची," ती म्हणाली.

"मला चार नकोत," बाई म्हणाल्या. "ही गोष्ट कोणाच्या दूरदृष्टीतून आलेली नाही. पाणी नव्हतं, म्हणून आली. अकरा वर्षं मी ती एकटीच्या मुठीत धरून ठेवली, ती माझी चूक. आता या आठही जणांना ती येते. आणि नेमकी आत्ता ती खोली बंद होणार आहे, पुढच्या महिन्यात. कपडे गाडीत घालून शहराबाहेर जाणार, तिथे कुठलं पाणी कुठे जातं ते कोणी बघणार नाही. किताब द्यायचा तर जरूर द्या. फक्त त्यावर 'बंद पडलेलं' असं लिहा. खोटं नको."

टाळ्या वाजल्या का, हे बाईंना नंतर कोणी विचारलं तर सांगता आलं नाही. पैलवान म्हणायचा खूप वाजल्या, सून म्हणायची पैलवानचं काही खरं नाही.

किताब दुसऱ्याच संस्थेला गेला. मुंगी झालेल्या बाईंच्या. पण पाहुण्यांनी रुग्णालयाच्या विश्वस्तांना पत्र लिहिलं, पत्रावर समिती बसली, आणि समिती बसली की काहीच उठत नाही, त्याप्रमाणे ठेकेदाराची गाडीही कुठेतरी अडकली. धुलाई बंद झाली नाही. कायम चालेल, असंही कोणी लिहून दिलं नाही. ती चालत राहिली.

तुरटीबाईंची मात्र त्या कार्यक्रमानंतर तिसऱ्याच दिवशी बदली झाली. कार्यालयात नव्हे. तिसऱ्या मजल्यावर जुन्या कागदपत्रांच्या कोठारात. धूळ, कपाटं, एक खुर्ची. कारण लिहिलं होतं, शिस्तभंग. साहेबांनी निरोप धाडला, की चुकीबद्दल दोन ओळी लिहून दिल्या तर परत धुलाईत पाठवतो. बाईंनी निरोप ऐकला आणि कपाट पुसायला घेतलं. महिन्यानं पुन्हा निरोप आला. मग पैलवान स्वतः जिने चढून, धापा टाकत आला.

"लिहून टाका ना बाई. दोन ओळी. आम्हाला करमत नाही."

"पाणी नीट चाललंय?"

"चाललंय. आता सगळ्यांनाच येतं. नव्या बाईला मी शिकवलं."

"मधे बोललास का तिच्या?"

"एकदाच," पैलवान ओशाळून म्हणाला.

"मग कशाला लिहू?" बाई म्हणाल्या. "मी चुकले असते तर लिहिलं असतं. चुकले तिथे सगळ्यांसमोर म्हटलं की, माझी चूक म्हणून. हे त्यातलं नाही."

पैलवान गेल्यावर त्या बराच वेळ खिडकीशी उभ्या होत्या. तिथून धुलाईची खोली दिसत नव्हती, मागची भिंत तेवढी दिसत होती.

रुग्णालयात हजेरीचं यंत्र बसवून सहा वर्षं झाली होती. अंगठा टेकवला, की हिरवा दिवा लागायचा. धुलाईतल्या कोणाचाच दिवा कधी लागला नाही. सोडा आणि गरम पाण्यानं त्यांच्या बोटांवरच्या रेषाच धुऊन नेल्या होत्या. यंत्र दरवेळी 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणायचं. म्हणून त्यांच्यासाठी दारावरच्या रखवालदाराकडे वेगळी वही होती आणि त्या वहीत 'धुलाई' म्हणून एक वेगळं पान. बदली झाल्यावरही बाईंची हजेरी त्याच पानावर पडत राहिली. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पाचव्या महिन्यात एका सकाळी रखवालदार म्हणाला, "बाई, नवा हुकूम आलाय. सगळ्यांनी एकदा यंत्रावर लावून बघायचा. लावा बरं."

"माझा नाही उमटत."

"लावा तर."

बाईंनी अंगठा टेकवला. हिरवा दिवा लागला.

"आलं की!" रखवालदार खूष झाला. "ओळखलं बघा तुम्हाला."

बाईंनी अंगठा उजेडाकडे धरला. पाच महिन्यांच्या कोरड्या कामानं भेगा भरून आल्या होत्या, आणि त्यावर बारीक, वळणावळणाच्या रेषा आल्या होत्या. एखाद्या मुलीच्या असाव्यात तशा. त्या बघतच राहिल्या. मागे चार माणसं खोळंबली होती.

"वहीतही लिही," त्या म्हणाल्या.

"आता कशाला? दोन-दोन ठिकाणी?"

"लिही. धुलाईच्या पानावर."

रखवालदारानं खांदे उडवले आणि लिहिलं. बाईंनी वाकून नाव बरोबर पानावर पडलंय ना, ते पाहून घेतलं, आणि जिन्याकडे वळल्या.